गावची जत्रा आणि मुकी जनावरं: कायदा, शाळा आणि देवस्थान यांची मोट कशी बांधायची

चैत्र लागला की पश्चिम महाराष्ट्रात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी, छबिना, तमाशा, कुस्त्यांचा फड, आणि या सगळ्यात जनावरं. शर्यतीच्या घाटात (धावपट्टीवर) पळणारे बैल, मोटरसायकलला उलटा बांधून आणलेला बोकड, बाजारात भर उन्हात उभी केलेली खोंडं, गडावर नारळाची पोती वाहणारी गाढवं, फटाक्यांनी बिथरलेली कुत्री. प्राणी कल्याण म्हटलं की शहरातली पाळीव कुत्री-मांजरं डोळ्यांसमोर येतात. पण गावाकडच्या जनावरांना जे सोसावं लागतं, त्यातलं बरंचसं या चार-पाच दिवसांत एका जागी बघायला मिळतं. कामाची सुरुवात इथून करणं सोपंही जातं, कारण जत्रेला ठरलेली तारीख असते, यात्रा कमिटी असते आणि कोणत्या कामाला कोण जबाबदार हे गावाला माहीत असतं.

या लेखात दिवाळी ते चैत्र असं वेळापत्रक धरलं आहे. तुमची जत्रा पौषात किंवा माघात असेल तर सगळं तेवढं अलीकडे ओढा. वेळापत्रक बदललं तरी क्रम मात्र बदलू नका. आधी देवस्थान, मग ग्रामसभा आणि शाळा, शेवटी पोलीस. कायदा पहिल्या दिवसापासून नीट वाचलेला असावा, पण बैठकीत तो शेवटी बाहेर काढायचा.

हा क्रम का, ते नांदणीच्या हत्तिणीच्या प्रकरणातून कळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठात वर्षानुवर्षं राहिलेल्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तिणीला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातमधल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेलं. सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. हत्तिणीच्या पायांची आणि एकटेपणाची चिंता खरी होती. पण गावाच्या डोळ्यांनी पाहिलं तर आपल्या लेकीला कोणीतरी ओढून नेलं होतं. हजारो लोक रस्त्यावर आले आणि शेवटी मठ, राज्य सरकार आणि वनतारा यांना नांदणीतच पुनर्वसन केंद्र उभारण्याची बोलणी करावी लागली. ही बोलणी आधी झाली असती तर? गोव्यातल्या धिरयोचंही तसंच. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बैलांच्या या झुंजींवर बंदी घातली, तरी चोरून झुंजी होतच राहिल्या. गावाला न पटलेला निकाल कागदावरच राहतो.

दिवाळीनंतर: आधी बघा, मग बोला

शक्य असेल तर एक जत्रा नुसती वही घेऊन बघा. ते जमणार नसेल तर गेल्या जत्रेचे व्हिडिओ मागवा. बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ गावातल्या प्रत्येक पोराच्या फोनमध्ये असतात. बघताना पाच गोष्टी धरून चाला: जनावर उपाशी-तहानलेलं आहे का, त्याला सावली आणि उभं राहायला जागा आहे का, जखम किंवा आजार आहे का, ते भेदरलेलं आहे का, आणि त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागता येतंय का. जगभर मानलेल्या या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ च्या जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैलांचा खेळ) निकालात आधाराला घेतल्या आहेत.

वहीतल्या नोंदींचे मग तीन ढीग करा. पहिला निष्काळजीपणाचा: हौद कोरडा, सावली नाही, डॉक्टर नाही. दुसरा प्रथेचा: बोकडाचा मान, नवसाचा कोंबडा. तिसरा गुन्ह्याचा: शेपटी चावणं, बॅटरीचा शॉक, खिळा लावलेली काठी, जखमी खांद्यावर जू ठेवणं. बहुतेक ठिकाणी पहिला ढीग सगळ्यांत मोठा निघतो आणि त्याला कोणाचाच विरोध नसतो. म्हणून काम तिथून सुरू करा. पाण्याच्या हौदाला विरोध करून कोणी सरपंच निवडून येत नाही.

कायदा: काय आहे आणि किती आहे

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. तो यावा म्हणून रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं होतं आणि पुढे स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. कायद्याचं कलम ३ सांगतं की ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने त्याची काळजी घेतलीच पाहिजे. कलम ११ मध्ये क्रूरतेचे प्रकार दिले आहेत: मारझोड, अतिभार, आजारी जनावराला कामाला जुंपणं, त्रास होईल अशी वाहतूक, अन्नपाण्याविना ठेवणं.

आता शिक्षा बघा. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. आकडा १९६० चाच आहे. म्हणून ‘तुला आत टाकीन’ अशी धमकी कलम ११ च्या जोरावर देऊ नका, समोरचा हसेल. त्यातही कलम ११ चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. मालकाला खरी भीती वाटते ती जनावर जाण्याची. दोष सिद्ध झाला तर न्यायालय जनावर मालकाकडून काढून घेऊ शकतं, आणि खटला चालू असताना ते पांजरपोळात (जनावरांच्या आश्रयस्थानात) किंवा गोशाळेत ठेवून खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. शर्यतीच्या बैलाची आजची किंमत लक्षात घेतली तर पन्नास रुपयांच्या दंडापेक्षा हे वाक्य कितीतरी जड आहे.

दुसरं हत्यार भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. जनावराला मारणं, विष घालणं, जायबंदी किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे. जत्रेआधी ‘गाव स्वच्छ करायचं’ म्हणून भटक्या कुत्र्यांना विषाचे लाडू घालण्याचे प्रकार घडतात, त्यांना हे कलम लागतं. अशा वेळी मेलेलं कुत्रं पुरू देऊ नका. पंचनामा, शवविच्छेदन आणि व्हिसेरा (विष तपासायला काढलेले आतड्यांचे नमुने) यांशिवाय पुढे काहीच सिद्ध होत नाही.

ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, आणि माझ्या मते जत्रेसाठी सगळ्यांत उपयोगी तेच. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद. गाढवाच्या पाठीवर ५० किलोंपेक्षा जास्त ओझं नको. टोकदार आर लावलेली पराणी (जनावर हाकायची काठी) चालत नाही. हे आकडे एका फळ्यावर लिहून गडाच्या पायथ्याला लावले की अर्धं काम होतं, कारण गाढववाल्यांनाही ते हवेच असतात. ज्या ठेकेदाराच्या तगाद्यामुळे खेपा वाढतात, त्याला दाखवायला त्यांच्या हातात काहीतरी येतं.

वाहतुकीला १९७८ चे नियम लागतात, शिवाय मोटार वाहन नियमांत जागेचं माप ठरलेलं आहे: गाय-म्हशीला २ चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३. टेम्पोत किती जनावरं कोंबली आहेत हे बाहेरूनही मोजता येतं. पण गाडी अडवायला तुम्ही जाऊ नका. नंबर, वेळ आणि दिशा टिपून ११२ ला कळवा. रस्त्यावर गाड्या अडवून कायदा हातात घेणाऱ्यांनी प्राणी कल्याणाचं नाव जेवढं खराब केलं, तेवढं कोणत्याही कसायाने केलेलं नाही. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक आहे हे गावाला दिसलं पाहिजे.

एक मुदत मात्र डायरीत ठळक लिहून ठेवा. १९६० च्या कायद्याखालचा खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. चैत्रातली घटना पावसाळ्यात आठवून उपयोग नाही.

देवस्थान: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

पहिला प्रश्न, देवस्थान चालवतं कोण? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला ट्रस्ट असेल तर विश्वस्तांची नावं आणि ट्रस्टची उद्दिष्टं त्या कार्यालयातून मिळतात. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गातली तीन हजारांहून अधिक मंदिरं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. तुमचं त्यांत असेल तर पत्र कोल्हापूरलाही जाऊ द्या. काही ठिकाणी यातलं काहीच नसतं. गुरव घराणं, मानकरी आणि गावकी एवढ्यावरच सगळं चालतं. कागदावर काहीही असो, जत्रेत काय होणार हे मानकरीच ठरवतात. कोणत्या भावकीचा बोकड पहिला, कोणाची काठी पुढे, हे विश्वस्तांनाही बदलता येत नाही. म्हणून विश्वस्तांच्या बैठकीआधी मानकऱ्यांच्या घरी चहा प्या.

बोलणं सुरू करताना शाकाहाराचा विषय काढू नका. जत्रेचं मटण म्हणजे पाहुण्यांचा मान असतो, वर्षातून एकदा लेकी-जावई, मुंबई-पुण्याचे चाकरमानी एका पंगतीला बसतात. त्या ताटाला नावं ठेवणारा माणूस पुढच्या बैठकीला बोलावला जात नाही, आणि खरं सांगायचं तर बोलावूही नये. तुम्ही आला आहात ते जनावराचे हाल कमी करायला. तेवढंच बोला.

कायदाही इथे तुमच्या बाजूने फारसा नाही. १९६० च्या कायद्याचं कलम २८ सांगतं की एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा रीतीने प्राणी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. कर्नाटक, गुजरात, राजस्थान या राज्यांत पशुबळीविरोधी स्वतंत्र कायदे आहेत, महाराष्ट्रात तसा नाही. इथे बंद्या येतात त्या जिल्हा प्रशासनाच्या आदेशाने. मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसं गेली. त्यानंतर यात्राकाळात तिथे पशुहत्या आणि वाद्यं वाजवण्यावर बंदीचे आदेश निघू लागले. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१६ च्या दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी बंदुकीतून गोळी सुटून भाविक जखमी झाले आणि प्रशासनाने बळी थांबवला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून तो पुन्हा सुरू करू दिला. दोन्हीकडे बंदीच्या मुळाशी माणसांची सुरक्षा होती, बोकडाचे हाल नव्हेत. अशी बंदी कारण मिटलं की उठते, आणि ती आवारापुरती असली तर बळी आवाराबाहेर जातो.

म्हणून मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. बोकड मोटरसायकलवर उलटा बांधून आणायचा नाही. आणल्यावर सावलीत बांधायचा, पाणी द्यायचं. एकासमोर दुसऱ्याला कापायचं नाही, मध्ये ताडपत्रीचा आडोसा. सुरा धारदार आणि हात सराईत. हौशी पोरांनी कोयता चालवायचा नाही. या पाच गोष्टींना मी तरी कोणाला ‘नाही’ म्हणताना ऐकलेलं नाही.

आणि यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस बहुतेक वेळा बैठकीत नसतोच. तो म्हणजे मुलाणी, गावातला जनावरं कापणारा मुसलमान. आपल्याकडे कित्येक गावांत देवीच्या जत्रेतही सुरा त्याच्याच हातात असतो. त्याच्या धर्माची शिकवण यावर स्पष्ट आहे: सुरा तेज हवा, तो जनावरासमोर घासायचा नाही, एकासमोर दुसऱ्याला कापायचं नाही, जनावराला आधी पाणी पाजायचं. हे त्याला शिकवायला जाऊ नका. उलट त्यालाच बैठकीत सांगू द्या. दर्ग्याच्या उरुसात कंदुरीसाठी बोकड कापले जातात तिथेही हीच वाट. जमातीच्या वडीलधाऱ्यांनी एक वाक्य बोललं की आडोसा उभा राहतो.

ज्या घरांना बळीच सोडायचा आहे, त्यांच्यासाठी परंपरेत जागा आहे. कित्येक ठिकाणी कोहळा फोडतात, पुरणपोळीचा नैवेद्य करतात. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशालाच मटण-दारूची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं होतं. पुढे आयुष्यभर कीर्तनांतून ते नवसाच्या बोकडावर बोलत राहिले, आणि त्यांच्या दशसूत्री संदेशात मुक्या प्राण्यांना अभय हा मुद्दा आहे. जत्रेआधी सप्ताह बसत असेल तर कीर्तनकारबुवांची तारीख ठरवतानाच विषय सुचवा. कुत्र्याने पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, कावडीतलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ, या कथा बुवांना तोंडपाठ असतात. त्या जत्रेच्या आठवड्यात सांगितल्या गेल्या तर वेगळ्या ऐकू येतात.

‘बोकड कापू नका, देवाला सोडा’ असा सल्ला देणारेही भेटतील. तो सरसकट मान्य करू नका. देवाला सोडलेला बोकड वा खोंड कोणाचाच नसतो. तो बाजारात भाजी खातो, मार खातो, गाडीखाली येतो. सोडायचाच असेल तर त्याचा चारा, लसीकरण आणि खच्चीकरण यांचा खर्च देवस्थानच्या ताळेबंदात दिसला पाहिजे. तशी तयारी नसेल तर नको.

धर्मभावनेतून संस्था उभी राहू शकते याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण मुंबईचं. १८३२ मध्ये ब्रिटिशांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. पण राग दंगलीवर संपला नाही. १८३४ मध्ये पारशी जमशेटजी जीजीभॉय आणि जैन मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळ उभा राहिला. देवस्थानकडून भाषण मागण्यापेक्षा जागा, पाणी आणि पैसा मागा, असं मी म्हणतो ते यामुळेच. एक पक्का हौद, एक पत्र्याची शेड, जत्रेपुरता एक डॉक्टर.

२६ जानेवारी: ग्रामसभा

चैत्रातल्या जत्रेसाठी ही ग्रामसभा सोन्यासारखी. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या, ‘ऐनवेळच्या विषयांत’ ढकलू देऊ नका. ठराव साधा असावा. उदाहरणार्थ:

“यात्राकाळात येणाऱ्या जनावरांसाठी पाणी, सावली व पशुवैद्यकीय तपासणीची सोय यात्रा कमिटी व ग्रामपंचायत संयुक्तपणे करील. जनावरांची वाहतूक, ओझे व शर्यत यांबाबतच्या शासकीय नियमांचे फलक लावले जातील. कुत्र्यांना विष घालण्यास गावात मनाई राहील. देखरेखीसाठी पाच जणांची समिती नेमण्यात येत आहे, त्यात किमान दोन महिला व एक पशुपालक असेल.”

बाया समितीत हव्यातच, आणि ते नियमासाठी नाही. शेळ्या बहुतेक घरांत त्याच सांभाळतात. कोणता बोकड आजारी आहे हे त्यांना लांबून कळतं.

पाण्याचा हिशोब ठरावाबरोबरच मांडा. उन्हाळ्यात मोठा बैल दिवसाला पन्नासेक लिटर पाणी सहज पितो. पाचशे जनावरं येणार असतील तर दिवसाला पंचवीस हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे पाच टँकर. आकडा मांडला की चर्चा ‘बघू’वरून ‘टँकर कोण देणार’वर येते.

शाळा: थोडं, पण वेळेवर

शाळेबद्दल लोक भाषणं फार करतात. प्रत्यक्षात मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष या दोघांना भेटलं की पुरतं. परिपाठात पाच मिनिटं, आनंददायी शनिवारचा एखादा तास, बस. निबंध आणि रांगोळी स्पर्धा टाळा. मुलांना मोजायला लावा. गावात जनावरांना पाणी प्यायला किती जागा आहेत, त्यांतल्या किती कोरड्या आहेत, किती बैलांच्या खांद्याला सूज आहे. मुलांनी काढलेला तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. सरपंचाचा स्वतःचा बैल सुजलेल्या खांद्यांच्या यादीत निघाला तर मुलं ते नक्की वाचून दाखवतील, आणि त्याची मजा वेगळीच.

दुसरा विषय कुत्रा चावण्याचा. चावलेली जागा साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-मिरची लावायची नाही, त्याच दिवशी लस घ्यायची. भीती कमी झाली की दगड मारणंही कमी होतं. नागपंचमीला नागाला दूध पाजू नये हेही इथेच सांगा. नाग दूध पचवू शकत नाही. बेंदूर आणि पोळ्याला खांदेमळणी करताना जखम कशी ओळखायची आणि शिंगांना ऑइलपेंट का लावू नये, हे पशुवैद्यक डॉक्टरांनी शाळेत येऊन दाखवलं तर ते थेट गोठ्यात पोचतं. महाविद्यालय जवळ असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर तुमच्या गावात मागून घ्या. हौद बांधायला इतके तयार हात दुसरीकडे मिळणार नाहीत.

एक महिना आधी: शर्यत आणि बाजार

बैलगाडा शर्यतीवर तुमचं मत काहीही असो, आजची कायदेशीर स्थिती अशी: २०१४ मध्ये बंदी, २०१७ मध्ये महाराष्ट्राची दुरुस्ती, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यत म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. विनापरवाना शर्यत किंवा अटी मोडून घेतलेली शर्यत हा गुन्हा, आणि त्याला राज्याच्या दुरुस्तीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. १९६० च्या पन्नास रुपयांशी तुलना करून बघा.

म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेल्या परवानगीची आणि अटींची प्रत आयोजकांकडे मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. अटी मोठ्या फ्लेक्सवर छापून घाटाच्या तोंडाशी लावा: काठी, चाबूक, पराणी, शॉक बंद, शेपटी पिरगाळणं-चावणं बंद, जखमी किंवा आजारी बैल पळवायचा नाही. निवेदक फार महत्त्वाचा माणूस. त्याने माईकवरून ‘या बारीत काठी दिसली, गाडा बाद’ असं म्हटलं की शंभर अर्जांचं काम होतं. चांगले गाडामालक स्वतःच याला पाठिंबा देतात, कारण त्यांच्या न मारता पळणाऱ्या बैलाला शॉक देऊन पळवलेला बैल हरवतो तेव्हा पोटात त्यांच्याच दुखतं. त्यांना आधी गाठा.

बाजारासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्या आणि पोच घ्या. कानातला १२ आकडी बिल्ला, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस यांची तपासणी बाजाराच्या तोंडाशीच व्हावी. रोगाची साथ आली तर बाजारच बंद होतो, हे व्यापाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. पत्राची एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला, जिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. समिती झोपलेली असली तरी पत्र पाठवा. नंतर ‘आम्हाला कळवलंच नाही’ असं म्हणता येत नाही.

जत्रेचे दिवस

समितीच्या पाच जणांनी पाळ्या लावून फिरावं, दुपारी १२ ते ३ तर हमखास. आजारी जनावरासाठी १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक, साप किंवा वन्यप्राण्यासाठी वन विभागाचा १९२६, गुन्ह्यासाठी ११२. तिन्ही आकडे फलकावर.

चूक दिसली की आधी मालकाशी हळू आवाजात, चारचौघांत नाही. ऐकलं नाही तर मानकऱ्याला पुढे करा. तरीही नाही, तर व्हिडिओ घ्या: जनावर, जखम, माणूस, आजूबाजूची ओळखीची खूण, सगळं एका सलग चित्रणात, मध्ये न कापता. तो व्हिडिओ लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. तो पसरला की गाव एका माणसामागे उभं राहतं, बैलामागे नाही.

गारुडी, माकडवाला, नंदीबैलवाला दिसला तर जरा थांबा. माकड आणि अस्वलांच्या खेळांवर १९९८ पासून बंदी आहे, नाग पकडणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची माहिती वन विभागाला द्यायलाच हवी. पण ही माणसं भटक्या-विमुक्त समाजातली, पोलिसांचा मार पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली. जनावर सुटलं पाहिजे आणि माणूस मारला जाता कामा नये, या दोन्हींसाठी तिथे हजर राहा.

जत्रा उठल्यावर

गुन्हा दखलपात्र असेल तर लेखी फिर्याद द्या. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. अदखलपात्र असेल तर एन.सी. ची प्रत घेऊन न्यायालयात जावं लागतं. सोबत पशुवैद्यकाचा दाखला, व्हिडिओची मूळ प्रत असलेला फोन आणि दोन साक्षीदारांची नावं. सगळ्या तक्रारी करत बसू नका. एक निवडा, जिचा पुरावा भक्कम आहे आणि जिच्यात गावातल्याच काही जणांना चीड आली आहे. ती शेवटपर्यंत चालवा.

बाकीच्या नोंदी यात्रा कमिटीच्या हिशोबाच्या बैठकीत न्या. वर्गणी किती जमली, तमाशाला किती गेले, हे वाचून झालं की पाण्याचे टँकर किती लागले, डॉक्टरांनी किती जनावरं तपासली, किती गाडे काठीमुळे बाद झाले, हेही वाचून दाखवा. त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या खर्चात जनावरांच्या सोयीचा स्वतंत्र रकाना घालून घ्या आणि इतिवृत्तावर सचिवांची सही घ्या. लोक पैशाच्या चर्चेला थांबलेले असतात, विषय तेव्हाच मंजूर होतो.